काचेतलं स्टूल

रविवार, १३ ऑक्टोबर

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, हॉस्पिटलच्या चॅपेलच्या दारात, निवृत्त होणाऱ्या पाळक लमस्डेनांचं स्टूल काचेच्या पेटीत घालून कुलूप लावण्यात आलं. टाळ्या वाजवून! मी वाजवल्या नाहीत.

एकतीस वर्षं हा माणूस ते बुटकं लाकडी स्टूल काखेत मारून वॉर्डावॉर्डातून फिरला. खुर्चीवर कधी बसला नाही. मी इथे नर्स होते तेव्हा मला म्हणायचा, "आजाऱ्याकडे दिवसभर सगळे वरूनच बघतात, सिस्टर. एकाने तरी खालून बघावं." बोर्डाचे अध्यक्ष मिस्टर टलक यांनी स्टूल घासून घेतलं, पॉलिश मारलं, पितळी पाटी ठोकली – 'निष्ठावंत सेवेच्या स्मरणार्थ'. स्मरणार्थ! आणि पाळक पहिल्या रांगेत बसून बन खातायत! हा शब्द कुणासाठी वापरतात ते मला कॉन्व्हेंटात नन्सनी पट्टीने शिकवलंय.

पाळकांच्या मोरेव्हियन पंथाचं प्रेमभोजन म्हणजे चहा, बन आणि गाणी. चहा पांचट. गाणी चांगली झाली. शेवटी आभार मानायला कुणी उठेना, तर टलक म्हणतात, "पाळकसाहेब, तुम्हीच दोन शब्द बोला की." स्वतःच्या सत्काराचे आभार स्वतःच! आणि त्यांनी मानले. गोड आवाजात.

सोमवार, १४

मिस मर्ल कुंपणावरून – "अगं फिलिपा, तू कॅथलिक, ते मोरेव्हियन. तुझं काय जातंय?"

काय जातंय! आमचे फादर किंग्स्टनहून दर गुरुवारी यायचे. माझा नवरा बेसिल वारला तो रविवारी. त्या दिवशी लमस्डेन सकाळपासून त्या स्टुलावर. बायबल उघडलं नाही. बेसिलला वेस्ट इंडीजचा स्कोअर हवा होता, तो सांगत बसले. मग बेसिलने आमची मरियामातेची प्रार्थना, 'नमो मरिये', म्हणायला लावली. एक प्रॉटेस्टंट पाळक! मधेच अडखळले, मी दुरुस्त केलं, पुन्हा म्हणाले. बेसिल हसला. त्याचं शेवटचं हसू ते.

हे मर्लला सांगितलं नाही. म्हटलं, "तुझी कोंबडी माझ्या मिरच्या खातेय, ते बघ आधी."

बुधवार, १६

टलकना गाठलं. ऑफिसात एसी, माणूस तरी घामाघूम.

"नवे पाळक कधी येतायत?"

"सिस्टर, काळ बदललाय. प्रत्येक खाटेला स्क्रीन बसवतोय. बटण दाबलं की प्रार्थना. चार भाषांत!"

"आणि माणूस?"

"ती जागा बोर्डाने बंद केली. म्हणून तर एवढा मोठा सत्कार केला."

असं आहे तर! हार घालायचा आणि दार लावून घ्यायचं. मी म्हटलं, "मिस्टर टलक, तुमचं अपेंडिक्स काढलं तेव्हा कुणाचा हात धरून 'आई, आई' करत होतात? मी होते ड्यूटीवर. बटणाचा नक्कीच नव्हता." कानापर्यंत लाल झाले. मग त्यांना मीटिंग आठवली.

गुरुवार, १७

आल्याचा केक बसला. रागात ढवळला की बसतोच. तरी अर्धा खाल्ला.

शनिवार, १९

उरलेला केक घेऊन पाळकांकडे. रताळ्याच्या वेलांत वाकले होते. "सिस्टर, हा केक आहे की पायरीचा दगड?" – आणि दोन तुकडे खाल्ले. स्टुलाचा विषय काढला तर हसायला लागले. "काय चकाकतंय! मी कधी पुसलंसुद्धा नव्हतं."

मग हसू थांबलं. काल पुरुषांच्या वॉर्डात एका म्हाताऱ्याला भेटायला गेले होते. उभेच राहिले. थोड्या वेळाने गुडघे कुरकुरायला लागले, पाय बदलला. म्हातारा म्हणाला, "जा पाळकसाहेब, तुम्हाला घाई दिसतेय."

"एकतीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं, सिस्टर."

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता ती काच फोडू. "नको. माझं वय झालंय. मला स्टूल परत नकोय. त्यावर बसणारं कुणीतरी हवंय."

"मग बोर्डाला सांगा ना तसं!"

"सत्कार घेतलेल्या माणसाने तक्रार कशी करायची? तोंडात बन होता माझ्या."

बरं. माझ्या तोंडात नव्हता.

रविवार, २०

बोर्डाला पत्र लिहिलं. काच उघडा, पाळक नेमा. मर्लने वाचलं. "तो 'गाढव' शब्द काढ." दोनदा होता. एकदाच काढला.

सोमवार, २१

राष्ट्रवीरांच्या दिवसाची सुट्टी. ऑफिस बंद. पत्र माझ्याच पर्समध्ये. चिडचिड.

मंगळवार, २२

सकाळी डॉक्टर बाईंकडे पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला. पोटातली गाठ काढावीच लागेल म्हणाल्या. चांगली की वाईट, ते उघडल्यावर कळेल. घरी येऊन पत्र पुन्हा उघडलं. दुसरंही 'गाढव' काढलं. खाली लिहिलं –

'सोमवार, २८ ऑक्टोबरला मी स्त्रियांच्या वॉर्डात दाखल होते आहे. या वेळी सिस्टर म्हणून नाही. घरी माझं कुणी नाही. माझ्या खाटेशी कोण बसणार आहे, त्या माणसाचं नाव मला शुक्रवार, २५ ऑक्टोबर, दुपारी बारापर्यंत लेखी कळवावं.'