दोन कंट्रोलर, अडीच-अडीच वर्षं

चारा छावणी कार्यालय, वडवणीजवळ
एप्रिल २०१९

श्री. गहिनीनाथ दाजींना रामहरीचा नमस्कार.

तुमची, आक्काची आणि लेकरांची तब्येत बरी असेल. आई बरी आहे, गुडघे सोडून. टँकर आठ दिवसांनी येतो, पाऊस कसा असतो ते विसरलो. मी मात्र संपलो आहे. (फोन केला नाही, कारण हापिसात दोन्ही गटांचे कान असतात.)

दाजी, दूध संस्थेत तुम्ही ती काळी पेटी बसवून दिलीत, जिच्यात संस्थेच्या छावणीतल्या जनावरांची यादी राहते. चहा पिता पिता तुम्ही संचालक मंडळाला समजावलं होतं, की हिच्यात कंट्रोलर दोन आहेत, दोघं काम वाटून घेतात, एकानं घेतलेल्या नोंदीची नक्कल दुसरा जवळ ठेवतो आणि एक बसला तर दुसरा सगळा भार ओढतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आमच्या संस्थेत खुर्चीसुद्धा वाटून घेतात: अडीच वर्षं बद्रीनाथ आप्पा चेअरमन, अडीच वर्षं उत्तरेश्वर तात्या. 'वाटून घेतात' एवढंच मंडळाच्या कानात राहिलं आणि वरचा कंट्रोलर आप्पांचा, खालचा तात्यांचा, असा ठराव झाला (सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर). मुदत संपली त्या दिवशी आप्पांनी शाल-नारळ घेतला, आपला कंट्रोलर काढला आणि घरी नेला. सत्यभामाकाकूंनी तो देव्हाऱ्याशेजारी लाल कापडात ठेवलाय, रोज हळदकुंकू वाहतात. एवढा मान मला माझ्या घरात नाही.

मंगळवारी उन्हानं कहर केला. तात्यांचा कंट्रोलर दोघांचं ओझं एकट्यानं ओढून ओढून दुपारी बसला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, डिस्कवर उतरलेलं शाबूत आहे, पण शेवटची नोंद अजून कंट्रोलरच्याच पोटात होती, ती गेली. दुसरा जागेवर असता तर त्याच्याकडे नक्कल मिळाली असती. मी आप्पांचे पाय धरले. आप्पा म्हणाले, "माजी पाळी संपली. तात्याचं राज हाय, तात्याचा कंट्रोलर हाय. मला कावून इचारतो?"

आता वरचा हुकूम असा, की पेटी चालू होईपर्यंत चारा मंगळवारी सकाळी छापलेल्या यादीवरच द्यायचा, नवी नोंद घ्यायची नाही. त्या यादीत नाव नाही असं एकच माणूस छावणीत आहे, सुंदरबाई. नांदूरघाटाकडून दोन गाई हाकत पायी आली. तिची नोंद मीच घेतली होती, पेटी बसायच्या जरा आधी. तिला सांगितलं, मशीनमध्ये तुमच्या गाई दिसत नाहीत. ती म्हणाली, "मशीनीला न्हाई दिसल्या, पर तुला दिसत्यात न्हवं?" दाजी, तेव्हापासून डबा तसाच घरी परत नेतो. बाकीची बाराशे जनावरं खातात आणि त्या दोघी नुसत्या बघत उभ्या. शेजारच्यांनी दिलेल्या मूठमूठ चाऱ्यावर दोन दिवस निघाले. त्यातली गाभण गाय आता बसूनच आहे. मला रडू येतं, पण चेअरमनसमोर कसं रडायचं?

आक्काला काळजी करू नको म्हणा (करण्यासारखं पुष्कळ आहे).

तुमचा मेहुणा,
रामहरी

ता. क. कंट्रोलर वाटून घ्यायचा ठराव मीच लिहिला. भांडण नको म्हणून 'एकावरही चालतं' असं मीच मंडळाला सांगितलं. दोन्ही जागेवरच राहू द्या म्हणून तुम्ही मला तीनदा बजावलं होतं, हे कृपा करून कुणाला बोलू नका.

ता. क. दुसरा. वरचं पत्र काल लिहिलं. आज सकाळी छापील यादी पुन्हा पुन्हा चाळली, तर चौथ्या पानावर तुम्ही! पेटी जोडताना चाचणी म्हणून तुम्ही स्वतःच्या नावावर दोन गाई टाकल्या होत्या, त्या पुसायच्या राहिल्या (आजवर त्यांचा चारा कुणी खाल्ला ते मी विचारलेलं नाही). आज सकाळपासून सुंदरबाईच्या गाई तुमच्या नावावर खात आहेत. तपासणीचे साहेब पुढच्या शनिवारी तुम्हाला फोन लावतील. माझ्याच गाई आहेत म्हणून ठणकावून सांगा. थोरली बांडी, अंगावर पांढरे डाग, एक शिंग मोडकं, नाव हरणी. धाकटी काळी, गाभण, आज उठून उभी राहिली. तिचं नाव काय सांगायचं म्हणून सुंदरबाईला विचारलं, तर म्हणते, "मालकालाच इचार की."