पलंग आणि दार

९ जानेवारी

तिसऱ्या विंगचं नाव ठरलं — ‘परस’! पहिली ‘ओसरी’, दुसरी ‘पडवी’, आणि अख्ख्या इमारतीचं नाव ‘अंगण’. आमच्या धंद्याची रीतच आहे, जे द्यायचं नाही ते नावात घालायचं. आधीच्या इमारतीचं नाव ‘वनराई’ होतं. तिथे जिन्यात कुंडी ठेवली म्हणून लोकांना नोटिसा जातात.

साहेब म्हणाले, “गिऱ्हाईकाला गावाची आठवण आली पाहिजे.” मी मान डोलावली. मला गावाची आठवण आली ती वेगळ्याच कारणाने. घरमालकाने सांगितलंय, मे अखेर जागा मोकळी करा. पुन्हा गाशा गुंडाळायचा. दिवसभर मी लोकांना हक्काचं घर विकतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची परवानगी मागतो.

१२ जानेवारी

आज एक गणित मांडलं. मांडायला नको होतं.

गावचं घर बाबांनी बांधलं. बस चालवायचे, हातात थोडे पैसे आले की एक खोली वाढवायचे. दिसायला ओबडधोबड, पण भिंती अशा की खिळा वाकतो. पाच खोल्या, विहीर, मागेपुढे मोकळी जागा, पेरूचं झाड, आणि वरच्या मजल्यावर जाणारा जिना. वरचा मजला नाही. जिना आहे. तो बांधला आणि बाबा गेले.

हे सगळं — विहिरीच्या पाण्यासकट — विकलं तर ‘अंगण’मध्ये काय येतं? एक छोटी खोली आणि अर्धं बाथरूम. नळाकडचं अर्धं, असं धरू.

बाकीचं बँक देईल म्हणते. पण आधी ती छोटी खोली आणि ते अर्धं बाथरूम आपल्या खिशातून दाखवा, म्हणते.

१३ जानेवारी

बायकोला सांगितलं. ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, तिला कशाचं काही वाटत नाही. पण हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, “आईंना विचारलंस?”

नाही विचारलं.

२० जानेवारी

विचारलं! फोनवर. धीर गोळा करायला आठवडा गेला आणि आईचं उत्तर क्षणात आलं.

“विक की. मी काय घर उरावर बांधून नेणार आहे?”

मग दोन अटी. एक — तिचा पलंग येणार. बाबांनी जाड लाकडाचा करवून घेतलेला, दोघांचा, आडवा-उभा ऐसपैस. दोन — तिच्या खोलीला दार हवं. “म्हातारीलाही कधीतरी दार लावून बसावंसं वाटतं रे. तुम्ही दिवाणखान्यात टाकाल मला, येणारा-जाणारा विचारेल, आजी बऱ्या आहात का.”

पलंग आणि दार. एवढंच. मी म्हटलं, “आई, दिलं!” मोठा दाता!

२२ जानेवारी

सॅम्पल फ्लॅटमध्ये दुपारी कोणी नव्हतं. छोट्या खोलीत टेप लावली. पलंग बसतो! भिंतीला टेकवून, वर बाजूने वळायलाही जागा उरते. लगेच आईला फोन केला. तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद. मेमध्ये ताबा मिळणाऱ्या ‘ओसरी’तल्या फ्लॅटचं टोकन भरून टाकलं.

७ फेब्रुवारी

आज नव्या पोरीला कामाची शिकवणी दिली. सॅम्पल फ्लॅट कसा दाखवायचा. पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेले असतात, गिऱ्हाईकाला झोपू द्यायचं नाही, नुसतं टेकू द्यायचं. कपाटं उथळ, हँगर आडवा जात नाही, म्हणून उघडायची नाहीत. पंखा नाही, कारण पंख्याने छत खाली येतं. आरसा मोठा. आणि दारं सगळी काढून ठेवलेली — दार उघडायला जागा खातं ना!

पोरगी म्हणाली, “म्हणजे फसवणूक?” मी म्हटलं, “छे छे, सजावट.”

१६ फेब्रुवारी

दातांचे एक डॉक्टर आले होते फ्लॅट पाहायला. सोबत पत्नी. छोट्या खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, “जीव गुदमरतो हो. खरं तर आम्हाला मोकळं काहीतरी हवंय. शनिवार-रविवारी जायला. गावाकडे.”

माझी जीभ माझ्या आधी पळाली. “विहीर चालेल?”

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यातली सर्वोत्तम विक्री केली. पेरूचं झाड म्हणजे ‘बाग’ झालं. सरपणाची खोली ‘स्टुडिओ’ झाली. जिना कुठेच जात नाही म्हटल्यावर मी घाबरलो होतो, तर डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “म्हणजे थेट आकाशात!” बाबांनी आयुष्यभर तो मजला चढवण्याची चिंता केली. न चढवलेल्याचाच भाव जास्त आला.

साहेब काचेतून बघत होते. त्यांना वाटलं मी ‘परस’ विकतोय.

२ मार्च

डॉक्टर गावी जाऊन आले. हरखले आहेत. आईने चहा दिला म्हणे, विहिरीचं पाणी पाजलं. ‘किती गोड आहेत तुमच्या आई!’ आईला फोनवर विचारलं, कसे वाटले? “दात चांगले आहेत दोघांचे,” म्हणाली.

२१ मार्च

व्यवहार झाला. डॉक्टरांनी दिला तो भाव ऐकून गावात लोकांचे डोळे पांढरे झाले. इकडे तेवढ्या पैशांत छोटी खोली आणि अख्खं बाथरूम मिळतं, तेही बिनखिडकीचं. गावाला वाटलं आम्ही डॉक्टरांना लुबाडलं, डॉक्टरांना वाटलं त्यांनी आम्हाला लुबाडलं. इतके खूश लोक मी आमच्या ऑफिसात कधी बघितले नाहीत.

सही करताना आईने चष्मा पुसला, सही केली, पुन्हा पुसला. आमचा ताबा मिळेपर्यंत ती तिथेच राहणार. डॉक्टर भला माणूस, भाडं नको म्हणाला.

माझ्या आईला. तिच्या घरात. भाडं नको म्हणाला.

२ एप्रिल

बँकेचं झालं. आता म्हातारपणापर्यंत मी बँकेचा.

१९ एप्रिल

डॉक्टरांचा फोन. घराची राखण करायला, झाडलोट करायला, आम्ही येऊ तेव्हा दोन घास करून घालायला कोणी विश्वासू बाई मिळेल का गावात? मागची खोली देऊ राहायला, वर पगार. “तुमच्या ओळखीतली असली तर बरं.”

आईला हा विनोद म्हणून सांगितला. “बघ, तुझ्या घरात नोकरी निघालीये!” ती खूप हसली. इतकी की मला थांबून विचारावं लागलं, अजून हसतेयस का.

१० मे

ताबा! किल्ल्या! बायकोने प्रत्येक नळ सोडून पाहिला. लेक एका खोलीतून दुसरीत धावली आणि लगेच परत आली. धावायला अंतरच नाही, पण ती खूश आहे. मीही. खरंच सांगतो, फार खूश. खिळा मारला. कोणाला न विचारता. त्यावर काय टांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

१७ मे

आई आली, जागा बघायला. पलंगाचं माप दोरीने घेऊन आली होती. टेप तिला पटत नाही. चारी कोपऱ्यांना गाठी मारलेल्या. छोट्या खोलीत फरशीवर दोरी चौकोनी पसरली, भिंतीला लावून. बसली! “बघ, म्हटलं होतं ना,” मी म्हणालो.

मग आई म्हणाली, “दार लाव बघू.”

दार फिरलं, दोरीवर आलं आणि दोरीला ओढत घेऊन गेलं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये दारं नसतात. मीच काढायला लावलेली. नव्या पोरीला मीच शिकवलं. आणि मीच तिथे टेप लावून उड्या मारल्या! दुसऱ्या कोणी असं बुकिंग केलं असतं तर आम्ही ऑफिसात आठवडाभर हसलो असतो.

दोरी फिरवून पाहिली. आडवी, उभी, खिडकीकडे. प्रत्येक वेळी पलंग किंवा दार.

१८ मे

सुतार आला. दार बाहेरच्या बाजूने उघडायचं म्हटलं तर संडासाच्या दारावर आपटतं — आधी कोणी बाहेर पडायचं ते रोज ठरवावं लागेल. सरकतं दार करायला भिंत नाही. बायको म्हणाली, “आई, छान जाड पडदा लावू.” आई म्हणाली, “पडदा दवाखान्यात असतो गं.” रागाने नाही, सहज.

शेवटी सुतार कान खाजवत म्हणाला, “पलंग थोडा कापू. रुंदीत. कळणारही नाही.”

आई त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “कुठल्या बाजूने कापणार? ह्यांच्या की माझ्या?”

सुताराने पेन्सिल कानाला लावली आणि चहा न घेता गेला.

आई दोरी गुंडाळत बसली. गाठी सोडत नव्हती, नुसती गुंडाळत होती. मला लाज वाटली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून सरळ लिहितो — फार लाज वाटली. मी म्हटलं, “आई, आमची खोली तू घे. तिकडे बसेल तुझा पलंग.” तर म्हणाली, “आणि तुम्ही तिघं ह्यात? वेडा आहेस का. नवं घर आहे, तोंड पाडू नकोस.” लेकीला जवळ घेऊन तिचे केस विंचरायला लागली.

२० मे

आई परत गेली. सामान आवरायचंय म्हणाली. जाताना छोट्या खोलीत डोकावली. “खोली चांगली आहे,” म्हणाली. “उजेड आहे.”

२५ मे

जुनी जागा सोडली. टेम्पोत सगळं एका खेपेत आलं. आईला दोनदा फोन केला, कधी आणायला येऊ? “आवरतेय रे. घाई काय आहे?”

३१ मे

ऑफिसात सत्कार! वर्षातला सर्वांत जास्त विक्री करणारा — मी. साहेब भाषणात म्हणाले, “हा माणूस स्वतःच्या आईलाही फ्लॅट विकेल!” सगळे हसले. मीही हसलो, हसायचीच जागा होती.

४ जून

डॉक्टरांचा फोन, स्वर आनंदाचा. राखणीला बाई मिळाली. “तुमच्या आईच हो म्हणाल्या! तुम्हाला बोलल्या असतीलच. मागच्या खोलीत राहतील. त्यांचा तो मोठा पलंग आम्हीच हलवून दिला, छान बसला. दारही लागतं.”

मग पगाराचा आकडा सांगून म्हणाले, “ठीक आहे ना?”

मी सवयीने घासाघीस केली. थोडा वाढवून घेतला.