कंपायलर म्हणतो १९९९

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. क्लायंटला लेखी हवंय, आपला कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, C या प्रोग्रामिंगच्या भाषेचं कुठल्या सालचं स्टँडर्ड, म्हणजे नियमावली, पाळतो. २०११ च्या आधीचं चालणार नाही. शुक्रवारी मीटिंग, तिथेच नव्या प्रोजेक्टचा लीड ठरणार. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण!

दुपारी ४. उत्तर कळवलं: २०१७. तपासलं नाही. मग अनुभव कशाला असतो?

४ मार्च.
शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरबाई म्हणाल्या, तीन ओळींचा प्रोग्राम लिहा, कंपायलर स्वतःच साल छापून दाखवतो. मला शिकवतायत! ऑफिसचाच वीट आलाय. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग बघा ना छापून. तीही त्यांनाच सामील.

५ मार्च.
बाईंचं तोंड बंद व्हावं म्हणून प्रोग्राम आमच्या प्रोजेक्टमध्ये टाकून चालवला. छापलं 199901. म्हणजे १९९९ साल! शी! इतकी वर्षं हे शिळंपाकं गिळत होतो आपण? पुन्हा चालवला. तेच. कीबोर्ड पुसून चालवला. तेच.

६ मार्च.
सगळ्या कंपनीला मेल टाकला, क्लायंटलाही: सोमवारचं उत्तर रद्द, हा कंपायलर भंगारात द्या. खरेदीवाल्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. जरा बरं वाटलं.
टेस्टरबाई म्हणाल्या, आपली बिल्ड फाइलच कंपायलरला जुनं स्टँडर्ड पाळायला सांगत असेल, एकदा उघडून बघा. म्हटलं, ती फाइल मला तोंडपाठ आहे. लीड झालो की आधी यांचं टेबल हलवायचं.

७ मार्च, शुक्रवार. रात्री ८.
मीटिंगमध्ये क्लायंटसमोर साहेबांनी बिल्ड फाइल भिंतीवर मोठी करून दाखवली. एका ओळीत स्पष्ट हुकूम: १९९९ चं स्टँडर्ड पाळ. वर टीप: 'मला विचारल्याशिवाय या ओळीला कोणीही हात लावू नये.' खाली माझं नाव. आठ वर्षांपूर्वीची तारीख.
टेस्टरबाईंनी ती ओळ काढून प्रोग्राम चालवला. 201710. म्हणजे २०१७! मी उठून ओरडलो, बघा, सोमवारी मी बरोबरच होतो! साहेब म्हणाले, बसा. क्लायंट हसलासुद्धा नाही. स्वतःचीच शिसारी आली.
लीड टेस्टरबाई.
निघताना त्यांनी विचारलं, माझ्या टीममध्ये येता का? विचार करून सांगतो म्हणालो. जिन्यावरून परत वर गेलो आणि हो म्हणून आलो. दुसऱ्या कोणी विचारलंच नव्हतं.