गाडीऐवजी अर्जदाराचे हात तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, जप्त गाड्यांचे आवार.

विषय : पिकअपचे स्टिअरिंग निर्दोष असल्याचा आपला निष्कर्ष मान्य करून, अर्जदाराचे दोन्ही हात तातडीने तपासणेबाबत.

संदर्भ : आपला अहवाल. "गाडी सरळ चालते. दोष आढळला नाही."

महोदय,

वरील विषयास अनुसरून, फरशी वाहणाऱ्या पिकअपचा मालक व चालक असलेला अर्जदार पुढीलप्रमाणे विनंती करतो.

१. सदर पिकअपने अर्जदाराच्या मेहुण्यांना, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाला, त्यांच्याच गॅरेजच्या फाटकात खांबावर चिरडले. मांडीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. सगळ्या गॅरेज लाइनीत त्यांना पैलवान म्हणतात. त्या दिवशी पैलवान लहान पोरासारखे किंचाळत होते. स्टिअरिंग अर्जदाराच्या हातात होते, यात वाद नाही. अर्जदाराने मुद्दाम गाडी अंगावर घातली, असे पोलिसांचे म्हणणे आहे. वाद तेवढ्यावरच आहे.

२. मुळात गाडी खड्ड्यात आदळून पुढच्या डाव्या चाकाला धरणारा खालचा आर्म वाकला होता. पैलवानांनी तो न बदलता तापवला, घणाने ठोकला आणि परत बसवला. गाडी गॅरेजबाहेर पडली तीच डावीकडे ओढत. मग तपासण्या सुरू झाल्या. दोन्ही चाकांची हवा सारखी केली. चाके अदलाबदल केली, तरी ओढ डावीकडेच, म्हणजे टायर निर्दोष. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवले, ते भिंगरीसारखे मोकळे, म्हणजे ब्रेकही धरत नव्हता. पुढची-मागची चाके एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून पाहिले, दोरीतही काही निघाले नाही. राहता राहिला आर्म. पण तो तर पैलवानांनी स्वतः ठोकलेला! त्याला नाव ठेवायची कोणाची छाती? उलट चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "दाजी, गाडी सरळ आहे. तुम्हीच वाकडे चालवता."

३. यावर अर्जदाराचे डोके फिरले. त्याने हातातला पाना पैलवानांच्या खांद्यावर हाणला. पैलवानांनी जॅकचा दांडा अर्जदाराच्या तोंडावर मारला, त्यात पुढचा दात गेला. मग अर्जदाराने त्यांचे डोके बॉनेटवर आपटले, त्यांनी अर्जदाराला ऑइलच्या चिखलात पाडून लाथांनी तुडवले. सोडवायला पत्नी मध्ये पडली आणि तिचे कपाळ फुटले. तो फटका कोणाचा, हे आजतागायत दोघांनाही सांगता येत नाही. रक्त पुसत ती एवढेच म्हणाली, "मारा, दोघे मिळून मलाच मारून टाका एकदाचं." तेव्हापासून मेहुण्या-दाजींचा अबोला.

४. गाडी थांबली तर चूल थांबते, म्हणून अर्जदार ती तशीच चालवत राहिला. भरलेली गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग सतत उजवीकडे ओढून धरावे लागे. सुरुवातीला खांदे भरून यायचे, पुढे पुढे कळेनासेच झाले. झोपेतसुद्धा तो उशी उजवीकडे ओढतो म्हणून पत्नी हसायची. आपल्या दृष्टीने ही बाब किरकोळ असेल. अर्जदाराची सगळी भिस्त या बाबीवरच आहे.

५. घटनेच्या आदल्या दिवशी पत्नीने ऑइल बदलायचे निमित्त करून गाडी शेजाऱ्याकरवी पैलवानांकडे पाठवली. सकाळी अर्जदार न्यायला गेला तर पैलवान फाटकाच्या उजव्या खांबाशी कमरेवर हात ठेवून उभे, आणि गालातल्या गालात हसत होते. अर्जदाराला वाटले, पडलेल्या दाताला हसतायत. त्या क्षणी त्यांचा गळा आवळावासा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण महोदय, गळा हाताने आवळतात. अर्जदाराला मारायचेच असते तर तो खाली उतरला असता, पाना सीटखालीच होता. त्याला फक्त तिथून निघून जायचे होते. त्याने रागाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, स्टिअरिंग रोजच्यासारखे धरले, आणि गाडी सरळ पैलवानांच्या अंगावर गेली.

६. इस्पितळात पत्नीने अर्जदाराची कॉलर धरली. "मीच दादाच्या पाया पडून नवा आर्म बसवून घेतला. तुम्हाला सांगायचं नाही, दोघांचंही नाक वर राहू दे, म्हटलं. गाडी सरळ होती! मग दादाच्या अंगावर गेली कशी?" तेव्हा अर्जदाराला उमगले, पैलवान कशाला हसत होते. गाडी सरळ धावताना दाजींचे तोंड कसे होते, तेवढे पाहायला तो माणूस खांबाशी थांबला होता.

७. गाडी सरळ होती. वाकडे हात होते. पैलवान गिऱ्हाइकांसमोर बोलले ते खरे ठरले, फक्त त्यांच्याच मांडीवर. करिता विनंती की, हीच पिकअप मोकळ्या मैदानात आणून अर्जदारास तीत बसवावे, सरळ जाण्यास सांगावे आणि ती कुठे जाते ते लिहून घ्यावे. समोर वाटल्यास अर्जदाराच्या सख्ख्या भावाला उभे करावे. शेजारच्या सीटवर पत्नीला बसवावे. ती अर्जदाराच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, माहेरी भावाच्या उशाशी बसून आहे. कोर्ट काय द्यायची ती शिक्षा देवो. तिने एकदा डोळ्यांनी पाहावे.

८. सदर तपासणी कृपया लांबवू नये. गाडी जप्त झाल्यापासून हातांना काम नाही, आणि त्यांची ओढ कमी होत चालली आहे. आज सकाळी जाग आली तेव्हा उशी डोक्याखाली सरळ होती. अर्जदार ती उजवीकडे ओढून पुन्हा झोपला, पण मुद्दाम ओढलेले खरे नव्हे, हे त्यालाही कळते.

हात सरळ होण्याआधी आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र
अर्जदार, पिकअपचालक
(सही)
दिनांक : आजचाच धरावा

सोबत : जुना आर्म, पोत्यात बांधून. गॅरेजच्या भंगारातून आणला. आडवा ठेवल्यास वाक नजरेस पडतो.

प्रत माहितीसाठी : अर्जदाराची पत्नी, भावाच्या घरी.