चार फुटांचं भांडण

दे मॉइन, आयोवा
बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९

प्रिय मर्ल,

तुझं कार्ड मिळालं. यंदाही ओमाहाच्या इमारतींचाच फोटो, आणि मागे तेच: "म्हाताऱ्या, मान वर करून बघ. दुखली तर शेक."

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझी बायको लॉइस गेल्यापासून घरात कुरकुरायला दुसरं आहे कोण? मक्याची कापणी चालू आहे, सगळीकडे धूळ. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तू कार्डं लिहितोस, असं तुझी नात कोरिन सांगत होती. लिहीत जा, पण जरा खरं लिही.

तुमचा टॉवर आमच्यापेक्षा चार फूट उंच आहे हे मी सतरा वर्षं ऐकतोय. बरं, आहे. पण मर्ल्या, तुमचं ओमाहा नीट दिसावं म्हणून माणसाला नदी ओलांडून अलीकडे, आयोवाच्या काठावर उभं राहावं लागतं. हा फोटोसुद्धा आमच्याच बाजूने काढलाय. आमच्या मातीत उभं राहून आमच्यावरच रुबाब! आणि दिसतं काय? एक ताडमाड आणि भोवती सगळे बुटके. आमच्याकडे पूर्वेकडून या: आधी विधानभवनाचा सोनेरी घुमट, मग नदी, मग पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या इमारती आणि सगळ्यांच्या वर आपला टॉवर. घुमट हिशेबात धरायचा नाही असं तू म्हणणार. जा, नाही धरत.

"आपला टॉवर" लिहून गेलो बघ. पत्र त्याच्यासाठीच आहे. दुपारपासून तीन कागद फाडलेत.

रविवारी कोरिनचा फोन आला होता. "ऑरिन आजोबा, आमच्या आजोबांचं नाव तुमच्या टॉवरच्या शेवटच्या तुळईवर आहे ना? सत्तराव्या वाढदिवसाला त्याचा मोठा फोटो चौकटीत घालून द्यायचाय. मी वर जायची परवानगी काढलीय. शनिवारी येते, नाव कुठंय ते तुम्ही दाखवा. आणि त्यांना एक अक्षर बोलायचं नाही हां!"

"ये की," मी म्हणालो. जीभ काही अडखळली नाही.

पोरीची गंमत मी फोडतोय. तिची माफी मागीन. पण आधी तुझी मागायचीय.

टॉवरचा सांगाडा पुरा होत आला त्या आठवड्यात ती शेवटची पोलादी तुळई पांढरी रंगवून फाटकापाशी ठेवली होती. येईल तो नाव लिहीत होता, मुकादमापासून कॉफीवाल्या बाईपर्यंत. तू तुझं लिहिलंस आणि खाली बाबांचं. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "म्हाताऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती उभ्या केल्या, एकदा तरी त्याला सगळ्यांच्या वर बसवू," म्हणालास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी वारा आहे म्हणालो.

आणि गुरुवारी डब्यातलं सँडविच खाता खाता तू सांगून मोकळा झालास, की ओमाहाला चाललोय. सासरे, म्हणजे डार्लीनचे वडील, एकटे पडलेत, सोमवारी तिकडच्या कामावर हजर व्हायचंय, आज रात्रीच निघतो.

"परवा तुळई चढतेय. चढवून तरी जा," मी म्हणालो.

"नाही जमणार रे."

"जोडीदाराला मधेच सोडून जातो त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

तू डबा बंद केलास. "ऑरिन, मी तुझा भाऊ आहे. कमरेला लटकवायचा पाना नव्हे."

बरोबर बोललास. तेव्हा मात्र अंगाचा नुसता तिळपापड झाला. अठरा वर्षं एकाच तुळईच्या दोन टोकांना आपण दोघं होतो. तुझ्याकडे न बघता मी बोल्ट घालायचो. दुसऱ्या कुणाबरोबर मला वर चालताच येईना, पुढेही नाही, हे तुला कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी काम सुटल्यावर मी फाटकापाशी मागे राहिलो. रंगाचा डबा तिथंच होता. ब्रश बुडवला आणि तुझ्या नावावरून फिरवला. खाली बाबांचं होतं. तेही गेलं. ब्रश रुंद होता, असं मी एकोणतीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. ब्रश काही इतका रुंद नव्हता रे.

सकाळी रंग ओला म्हणून तिथं कुणी लिहिलं नाही. रिवाजाप्रमाणे झेंडा आणि छोटं देवदाराचं झाड बांधून तुळई वर गेली, खाली टाळ्या वाजल्या, आणि ती बसवली मी. तुझ्या टोकाला नवा पोरगा होता. त्याला मी दिवसभर शिव्या घातल्या.

मग तुझी कार्डं सुरू झाली. "तुमच्या सगळ्यात उंच इमारतीच्या डोक्यावर मी बसलोय, विसरू नकोस!" दर वर्षी. आणि मी उलट टपाली घुमटाच्या गप्पा मारत राहिलो.

कोरिनने फोनवर आणखी एक सांगितलं, ते वर लिहायला धजलो नाही. ती म्हणाली, "ओमाहाच्या टॉवरवरही आजोबांनी नावं लिहिलीत ना. पहिलं तुमचं, मग त्यांचं. म्हणजे काय, तुम्हाला माहीतच नाही?"

मला कसं माहीत असणार? तुम्ही तुळई चढवलीत तेव्हा तू बोलावलं होतंस, मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तेव्हा गुडघा ठणठणीत होता. चार फुटांवरून सतरा वर्षं भांडलास, आणि त्या चार फुटांच्या वर मला बसवलंयस हे एकदाही बोलला नाहीस. कमाल आहेस बाबा.

काल मी वर जाऊन आलो. मार्कर घेऊन. खरंच सांगतो, तुझी सही ठोकून द्यायला गेलो होतो. तुझी जुनी कार्डं समोर ठेवून संध्याकाळभर सराव केला होता, हुबेहूब जमत होती. वर यंत्रांच्या खोलीत तुळई अजून उघडीच आहे. चारी बाजूंनी नावांची दाटी, आणि मधे हातभर कोरा पांढरा पट्टा.

तिथला देखभालीचा माणूस वेंडेल बरोबर होता. "काय शोधताय?"

"भावाचं नाव."

"सापडलं?"

"इथं होतं," म्हणालो, आणि मार्करचं टोपण काढायला हातच होईना. मग खाली आलो.

पत्र शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. शनिवारी कोरिनबरोबर तूही ये. लिफ्ट बरीच वरपर्यंत जाते, पुढे फक्त चौदा पायऱ्या आहेत, काल मोजल्या. सिलिंडर मी धरीन. दर दोन पायऱ्यांवर बसू. शिव्या घालायच्या असतील तर तिथं बसून घाल. मार्कर माझ्या कोटाच्या खिशात आहे. आधी बाबांचं लिही.

नाही आलास तर कोरिनला त्या पांढऱ्या पट्ट्यासमोर उभं करून सगळं सांगीन. तिला वाटलं तर फोटो काढील. पण त्या जागी माझ्या हाताने काही लिहिणार नाही.

तुमचा टॉवर उंच आहे, मर्ल. चार फूट. मान्य.

ज्याचं नाव तू वर ठेवलंस, आणि ज्याने तुझं पुसलं, तो
तुझा भाऊ
ऑरिन