दादाच्या गाडीचा वास

४ डिसेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. बारकीच्या घरून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या खिडकीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालतो, पण त्या लाल फुलवालीने मान टाकली आहे. तिला माझा हात मानवत नाही. वरच्या मजल्यावरून तुझ्या घरात उतरलो की अजून चपला दाराबाहेर काढतो. ओरडायला कोणी नाही, तरी काढतो. दुकानही बरं चाललं आहे. काल एका आजोबांना नवा चष्मा दिला, तर घातल्या घातल्या बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" आजीबाई चष्मा परत करायलाच निघाल्या होत्या.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, गाडीचं काय करायचं ते मी ठरवावं आणि पत्रानेच कळवावं, फोनवर तो विषय काढू नये. बारकीला बाबांचीच गाडी हवी. तुला ती डोळ्यांसमोर नको. ती देऊन त्याच कंपनीची नवी घ्यावी असं तुझं म्हणणं. मायलेकींनी एकमेकींशी अबोला धरायचा आणि मधे मला बसवायचं, हे बरं आहे तुमचं!

मला गाड्यांतलं काय कळतं? कळायचं ते दादाला. दिवसभर दवाखान्यात लोकांना "आ करा" म्हणायचा आणि घरी आला की गाडीचं मागचं झाकण उघडून बसायचा. तू म्हणायचीस, हे माणसांचेही दात बघतात आणि मोटारीचेही. इंजिन मागे, त्यात थेंबभर पाणी नाही, सगळं हवेवर थंड होणार, याचं त्याला केवढं कौतुक! पाहुण्यांना जेवायच्या आधी ते झाकण दाखवल्याशिवाय त्याने कधी सोडलं नाही.

उन्हाळाभर गाडी झाकूनच ठेवली होती. बॅटरी मरेल म्हणून अलीकडे सकाळी जरा फिरवून आणतो. पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत जातो आम्ही आणि परत येतो. आम्ही म्हणजे मी आणि गाडी. त्या वळणावर थांबत नाही, तू काळजी करू नकोस.

दादाला जाऊन या महिन्याअखेर वर्ष होईल. तू कशी आहेस ते मात्र पत्रात कुठेच लिहिलं नाहीस. बारकी सांगत होती, त्याचा करडा कोट तू अजून धुतला नाहीस, उशाशी घेऊन झोपतेस. असू दे. मी त्याबद्दल काही म्हणणार नाही.

नवी गाडी बघून येतो आणि मग लिहितो.

तुझा,
धाकटा

१५ डिसेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. जरा उशीर झाला. हल्ली डोकं फार दुखतं. दुसऱ्यांचे डोळे तपासतो आणि स्वतःचे तपासायचे राहून जातात, दुसरं काय!

नवी गाडी चालवून आलो. शोरूममधल्या टायवाल्याने मला असं काही बसवलं, जणू नवरदेवच घोड्यावर बसवतोय. दार लावलं आणि बाहेरचं जग बंद झालं. चावी फिरवायची नाही, बटण दाबायचं. समोर दुकानातल्या टीव्हीएवढा पडदा. मी जरा रेषेच्या पलीकडे गेलो तर गाडीने मला दटावलं. ब्रेक माझ्या आधी तिनेच लावला. सीट खालून तापतं, वहिनी! मला आधी वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. टायवाला हसला, म्हणाला, "काका, ही गाडी तुम्हाला चूक करूच देणार नाही." खोटं नाही बोलला. पळते तर अशी की पोट मागे राहतं. इंजिन पाण्यावर थंड होतं आणि तेच गरम पाणी आतल्या हवेला ऊब देतं, असं त्याने सांगितलं. ऊब अगदी स्वच्छ, कसलाही वास नाही.

तिथून आलो आणि लगेच दादाची काढली. काय सांगू? क्लच दाबताना गुडघा कुरकुरतो. स्टिअरिंग हातात थरथरत राहतं. मागे ते इंजिन कण्या दळल्यासारखं घरघरतं. मग हीटरचा दांडा वर केला. या गाडीत पाणीच नाही, तेव्हा ऊब यायची ती धुराच्या नळीवरून. नळीभोवती पत्र्याची पेटी आहे, पंख्याची हवा तिच्यातून जाऊन तापते आणि पायांशी येते. दादाने मला हे इतक्यांदा समजावलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि त्या उबेबरोबर तो वास. जळलेल्या तेलाचा, जरा गोडसर. दादाचा वास. त्याच्या स्वेटरला यायचा, मफलरला यायचा, तुझ्या उशाशी असलेल्या कोटालाही तोच असणार.

आता लिहूनच टाकतो. तू मला वेडा म्हणशील. म्हण.

दादा येतो, वहिनी. बाजूच्या सीटवर बसतो. अगदी पहिल्यांदा नुसतं कोणीतरी बसल्यासारखं वाटलं, सीट दबल्यासारखं. आता दिसतो. डोळ्यांच्या कडेने बघितलं तर दिसतो, सरळ बघायला गेलं की नाही. माझ्याकडे बघत नाही. मान जरा कलती करून इंजिन ऐकतो, तशीच, ती त्याची सवय. बोलत नाही. मला भीती वाटत नाही, पण घरी आल्यावर बराच वेळ मळमळत राहतं. पहिल्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन रडलो. उगाच एखाद्या फेरीत तो आला नाही तर? म्हणून आता दिवसातून दोनदा गाडी काढतो. सुरुवातीला, हवा बरी होती तेव्हा, कधी आला नाही. थंडी पडली तसा यायला लागला. तो गेला ती वेळही थंडीचीच होती ना.

त्यामुळे माझं मत विचारशील तर गाडी विकायची नाही. बारकीला देऊ. ती बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बांधणार म्हणते. नातवंडाला आजोबा भेटले तर वाईट आहे का? बाळ बसणार म्हणून मात्र एकदा मिस्त्रीकडून सगळी तपासून घेतो. मग पक्कं कळवतो.

रागावू नकोस.

धाकटा

२३ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र बसून वाच. बारकी घरात असेल तेव्हा वाच.

मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि खाली जाऊन टॉर्च मारून बघितलं. मग मला बोलावलं. धुराच्या नळीभोवतीच्या त्या पेटीला त्याने पेचकस टेकवला. टेकवला फक्त, तर तो आरपार गेला. पत्र्याचा भुगा त्याच्या बाहीवर पडला. आतली नळीही तशीच, कुरतडल्यासारखी.

"ही कोण चालवतं?" त्याने विचारलं.

"मी."

"हीटर लावून?"

"हो."

"डोकं दुखतं? मळमळतं?"

"दोन्ही."

"देवाची कृपा म्हणा. धूर सरळ तुमच्या पायाशी येतोय. तेलाचा वास येतो तो तरी परवडला. त्याच्याबरोबर जे येतं ना, त्याला वास नसतो, आणि मारतं ते."

"अजून काय होतं त्याने?"

"झोप येते. भलतंसलतं दिसतं. मग काहीच दिसत नाही."

मी विचारलं, हे गंजणं कधीचं? तो म्हणाला, हे एका हिवाळ्याचं काम नाही, गेल्या वर्षीही असणारच. मिस्त्रीला दादाचं काही माहीत नव्हतं, वहिनी. त्याने सहज सांगितलं आणि हात पुसायला गेला. मी तिथल्या टायरवर बसून गेल्या डिसेंबरचे दिवस मोजले.

गाडी इथेच ठेवा म्हणाला. मी म्हटलं, उद्या आणतो. हीटर लावायचा नाही असं त्याने दोनदा बजावलं, मीही लहान पोरासारखं हो हो केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचा वर केल्या, दांडा पूर्ण वर ओढला आणि टाकीच्या चढाकडे निघालो. सगळं माहीत असून निघालो. एकदाच, म्हटलं. मला त्याला एक विचारायचं होतं.

काय, ते तुला सांगायलाच हवं. दादा गेला त्या दिवशी तुमचं भांडण झालं तेव्हा मी जिन्यात बुटांच्या नाड्या बांधत होतो. तुझं शेवटचं वाक्य मी ऐकलं. "जा, त्या गाडीतच बसून राहा." आणि मग तो आपल्याला टाकीच्या वळणावर सापडला तो गाडीतच बसलेला, इंजिन चालू. तू ते वाक्य वर्षभर गिळून बसली आहेस, मला ठाऊक आहे. तेव्हापासून त्याचं नाव तू घेत नाहीस. गाडी तुला नको आहे ती त्याच्यामुळे नाही, त्या वाक्यामुळे. मी ऐकलं हे तुला कळलं तर तू माझ्यासमोर उभी राहू शकणार नाहीस, असं वाटून मी गप्प बसलो.

पण त्याच्यानंतरचं तू ऐकलं नाहीस, ते मी ऐकलं. दादा दार ओढून बाहेर आला, मला जिन्यात बघितलं आणि डोळा मारला. "सरकार तापलंय. पेपर घेऊन येतो, तोवर निवेल." असं म्हणून शीळ घालत गेला. शीळ घालत, वहिनी. तुझं वाक्य त्याने दाराबाहेरसुद्धा नेलं नव्हतं.

तर वळणावर गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. तो आला. इतका स्पष्ट कधीच आला नव्हता, कोटाचं वरचं बटण लोंबत होतं तेही दिसलं. मी विचारलं, "दादा, लागलं होतं का रे तुला तिचं बोलणं?" तो इंजिन ऐकत राहिला. मी परत विचारलं. पापण्या जड झाल्या, पाय मस्त शेकत होते, आणि मला वाटलं, काय वाईट आहे यात? असंच बसून राहू दोघं.

बसून राहू हे शब्द मनात आले आणि मला तू दिसलीस. उद्या मी इथे सापडलो तर तू म्हणशील, मीच त्याला गाडीचं ठरवायला लावलं. हेही घेशील डोक्यावर. तुला मी चांगला ओळखतो. मी लहान असताना माझा पाय मोडला, तोही तू स्वतःच्याच नावावर घेतला होतास, का तर अंगण तू धुतलं होतंस.

काचेचा दांडा फिरवायला हाताला जोर नव्हता. फिरवला. थंड हवा अशी आत आली की कानशिलात बसावी. आणि बाजूची जागा रिकामी. नुसतं कातडी सीट, त्याच्यावर माझी टोपी. तो गेला नाही, वहिनी, मी घालवला. खिडकी उघडून घालवला. मग दार उघडून रस्त्याच्या कडेला पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसून मोठ्याने रडलो. एक सायकलवाला थांबून विचारपूस करून गेला.

डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं, तेही खरं असेल. आता छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण मी त्या सीटवर बसलो आहे, दांडा वर ओढून. कसं होतं ते मला माहीत आहे. दुखत नाही. राग येत नाही. झोप येते. त्याला कोणाच्या बोलण्याने काही झालं नाही, त्याला त्याच्या लाडक्या गाडीने नेलं. आणि ती गंजली हे दिवसरात्र झाकण उघडून बसणाऱ्या त्यालाही दिसलं नाही. वास आपल्या सगळ्यांना येत होता, पण तो त्याचाच वास आहे असं आपण धरून चाललो. तोही तसंच धरून चालला असणार.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. बारकीने नवी घ्यावी. दटावणारी, स्वतःच ब्रेक लावणारी, पाण्याच्या उबेची. बाळ तिच्यात बसू दे. जुनी मात्र विकायची नाही. ती मी ठेवतो. मिस्त्रीने नळी आणि पेटी नवी बसवली. काल चालवून बघितली. पाय शेकतात, डोकं दुखत नाही, वास येत नाही, बाजूला कोणी नाही. घरी येईपर्यंत त्या जागेकडे बघायचं टाळत होतो. आता टाळणार नाही. तू ये आणि तिथे बस. वळणावर थांबू, काचा खाली करून.

एवढंच लिहायचं होतं. अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नव्हता, पण तू रोज रात्री तो उशाशी घेतेस.

दादाचा कोट धुऊन टाक, वहिनी. तो वास त्याचा नव्हता.

तुझा,
धाकटा