चार नंबरच्या इंजिनाचा खरा आकडा

मी, डेल्मर रॉय टॅकेट, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इंजिन चाचणी तंत्रज्ञ, राहणार हेझल पार्क, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कान बरेचसे गेले आहेत, पण कानांची कायद्याला गरज नाही असे कळते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मुलीने आणून पाहिले, जमले नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे मी स्वतः फाडली असून ती रद्द समजावीत. दोन्हींत एक कलम लिहायचे मी टाळले होते.

माझी भाची ट्विला वकील आहे. तिने एक छापील नमुना आणून दिला आणि म्हणाली, "मामा, रिकाम्या जागा भरा. बाकी काही लिहू नका." नमुन्यातल्या रिकाम्या जागा फार लहान होत्या, म्हणून वेगळे कागद घेतले आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ट्विलाने करावी. तिला यातून काही मिळणार नाही, हे तिला सांगितले आहे आणि तिने त्याबद्दल आभार मानले आहेत.

कलम पहिले. घर. हे मी आणि माझी बायको ओपल यांनी १९६३ साली घेतले. ओपल सहा वर्षांपूर्वी वारली. घर माझी एकुलती एक मुलगी डार्ला हिला मिळावे. तिने ते विकले तरी हरकत नाही. जावई ग्लेनला गॅरेज पाडून तिथे हिरवळ करायची आहे, हे मला माहीत आहे; त्याने निदान माझे दहन-दफन उरकेपर्यंत थांबावे. ग्लेन माणूस वाईट नाही. त्याची गाडी मात्र इतकी मुकी आहे की चालू आहे की बंद हे कळत नाही. तिच्यात बसलो की मला कुठल्या तरी तपासणीला नेत आहेत असे वाटते.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते डार्लाच्या दोन्ही मुलींना सारखे वाटून द्यावे. ओपलच्या अंगठीसाठी कपाटे उपसू नयेत. ती तिच्या बोटात आहे.

कलम तिसरे. हत्यारे. लाल पेटी आणि तिच्यातले सर्व काही गावातल्या तंत्रशाळेला द्यावे. मायक्रोमीटर पोरांच्या हाती देण्याआधी त्यांना हात धुवायला लावावेत. पलीकडच्या गल्लीतला लॉइड हॉबसन याने १९८८ साली नेलेला पान्यांचा संच त्याच्याकडेच राहू द्यावा. त्याला मी माफ केलेले नाही, फक्त मागायचे थांबवले आहे.

कलम चौथे. माझी १९७० सालची दोन दारांची हिरवी गाडी धाकटी नात केल्सी हिला द्यावी. अख्ख्या घरात "आजोबा, हिच्यात आत काय आहे?" असे विचारणारी ती एकटीच. अट एवढीच की गाडी चालवायची. हल्ली अशा गाड्या मैदानात ओळीने उभ्या करून, बॉनेट उघडे टाकून, मालक शेजारी घडीच्या खुर्चीत बसून असतात. आम्ही शनिवारी संध्याकाळी वुडवर्ड रस्त्यावर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत त्या पळवत होतो आणि त्या त्यासाठीच होत्या. कामगाराच्या पोराला परवडेल अशी गाडी आणि तिच्यात न मावेल एवढे इंजिन, असा तो सगळा कारभार होता. सात-आठ वर्षे टिकला. मग विम्याचे हप्ते आले, धुराचे कायदे आले, पेट्रोलच्या रांगा लागल्या. गाड्यांवरचे पट्टे तसेच राहिले आणि आतले इंजिन दरवर्षी थोडे थोडे मरत गेले. ते मारण्याचे काम पुढे वीस वर्षे मीच केले. पगार चांगला होता.

इथवर मंगळवारी लिहिले. बुधवारी बसलो आणि उठलो. गुरुवारी पुढचे कलम लिहिले, चुरगाळले. अंगणातली पाने गोळा केली, पुन्हा बसलो. आज शुक्रवार आहे.

कलम पाचवे. गॅरेजमध्ये मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली, ओपलच्या जुन्या रजईत गुंडाळलेले एक इंजिन आहे. ब्लॉकवर हाताने ठोकलेला ४ हा आकडा आहे. असे दुसरे इंजिन जगात नाही. कागदोपत्री तेही नाही, कारण ते फोडल्याच्या पावतीवर माझी सही आहे.

कंपनीचे नाव लिहीत नाही. पेन्शन तिचीच खातो. १९६९ साली मी तिच्या चाचणी विभागात होतो. इंजिन चौथऱ्यावर बसवायचे, पूर्ण जोराने पळवायचे, काचेमागे उभे राहून त्याची ताकद मोजायची आणि कागदावर लिहायची, हे माझे काम. त्या वर्षी आमच्याकडे एका नव्या इंजिनाचे चार नमुने आले. त्याचे हेड, म्हणजे इंजिनाचा हवा आत-बाहेर सोडणारा वरचा भाग, कॅझिमिर वोइताशिकने आखले होते. कॅझ हॅमट्रॅमॅकचा पोलिश, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि माझा मित्र. हवा आत कशी शिरते आणि बाहेर कशी पडते, यापलीकडे त्याला बोलायला विषय नसे. जेवताना डब्याच्या झाकणात सूप ओतून त्यावर फुंकर मारून मला दाखवायचा, "बघ डेल, इथे वळते. इथे अडवलीस तर रुसते." त्याची बायको रोझाली म्हणायची, "ह्याने मला लग्नाचं विचारलं तेव्हाही आधी व्हॉल्व्हचंच सांगत होता. मी मधेच हो म्हणाले."

आता आमच्या विभागाची रीत सांगतो. प्रत्येक इंजिनाचे दोन कागद भरायचे. पिवळ्यावर खरा आकडा. तो आमच्या कपाटात राहायचा. पांढऱ्यावर कमी करून लिहिलेला; तो बाहेर जायचा. आकडा मोठा दिसला की विमेवाले पोरांना विमाच देत नसत, आणि शर्यतवाले आमची गाडी वरच्या गटात ढकलत. म्हणून दाबून लिहायचे. बाकीचे जग फुगवून लिहिते, आम्ही दाबून लिहीत होतो आणि मनातल्या मनात त्याची घमेंड बाळगत होतो. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे असे मी धरून चाललो होतो. वरच्या मजल्यावर त्या उन्हाळ्यात नवे लोक आले होते. त्यांना ठाऊक नव्हते. कॅझलाही नव्हते, हे मला मागाहून कळले.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी चौथे इंजिन पळवले. काचा थरथरत होत्या. काटा पाचशे बासष्टवर जाऊन थांबला. मी दोनदा पुन्हा पळवून पाहिले. पाचशे बासष्ट अश्वशक्ती. त्या दिवशी कॅझ सासऱ्याच्या दफनविधीला टोलेडोला गेला होता. तो असता तर त्याने काटा स्वतः पाहिला असता आणि पुढचे काहीच घडले नसते. वरून फोन आला, सोमवारी बैठक आहे, नव्या इंजिनाचा कागद ताबडतोब पाठवा. मी पांढरा कागद भरला. चारशे दहा. सवयीने लिहिला, सवयीने सही केली, पाठवला आणि घरी गेलो.

सोमवारी त्यांनी तो आकडा जुन्या साहेबांच्या फायलीत सापडलेल्या, चालू इंजिनाच्या खऱ्या आकड्याशेजारी ठेवला. चालू इंजिनाचे चारशे पंचवीस होते. एवढा खर्च करून पंधरा कमी, असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला. चारही नमुने फोडून टाका असा हुकूम बुधवारी आला, आणि तो वाचताक्षणी मला सगळे कळले.

बुधवारी मी तोंड उघडू शकत होतो, हे कबूल करण्यासाठी हे कलम आहे. पिवळा कागद घेऊन वर गेलो असतो तर आमच्या विभागात दुहेरी कागद चालतात हे उघड झाले असते आणि पहिला मी बाहेर पडलो असतो. ओपलला सातवा महिना होता. मी म्हटले, सोमवारी सांगू. मग म्हटले, बाळंतपण होऊ दे. डार्ला जन्मली तोवर कॅझची बदली वायपर विभागात झाली होती. तिथे तो निवृत्त होईपर्यंत राहिला. पंचवीस वर्षे त्याने काच पुसायचे दांडे आखले. कॅन्टीनमध्ये लोक विचारत, "काय कॅझ, ह्याचे किती घोडे?" तोही हसायचा. मीही तिथेच बसलेला असायचो.

तीन इंजिने मी घणाने फोडली. चौथे फोडवले नाही. पावतीवर चार लिहिले आणि ते कपडे धुण्याच्या यंत्राच्या खोक्यात घालून घरी आणले. गेली पंचेचाळीस वर्षे दर वसंतात त्यात तेल सोडून हाताने फिरवतो, म्हणजे आतून गंजून घट्ट धरणार नाही. कधीही चालू केलेले नाही. पिवळा कागद त्याच रजईत आहे.

दोन वर्षांत ती सगळीच इंजिने गेली असती, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. ते खरेही आहे. कॅझचे इंजिन फार तर दोन मोसम चालले असते. पण ते दोन मोसम त्याचे होते. रात्रंदिवस हिशेब करूनही माझा हा मुद्दा सुटत नाही.

सदर इंजिन आणि पिवळा कागद माझ्या मृत्यूनंतर कॅझिमिर वोइताशिक यास द्यावा.

वरील ओळ मी खोडत आहे. ट्विलाने हे वाचले आणि विचारले, "मामा, कॅझकाका किती वर्षांचे?"

"एक्याऐंशी."

"आणि तुम्ही त्यांच्याआधी जाणार असं कुणी लिहून दिलंय तुम्हाला?"

ती पुढे म्हणाली, "हे मृत्युपत्र नाहीये. तुम्ही मेल्यावर दार वाजवून पळून जायचा बेत आहे." ती माझ्या बहिणीची मुलगी आहे, बहिणीसारखीच बोलते.

म्हणून असे ठरवतो की इंजिन मी हयातीतच कॅझला द्यावे. मग त्याला या मृत्युपत्राने काही मिळणार नाही आणि तो यावर साक्षीदार म्हणून सही करू शकेल. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही होताना पाहायची असते, असे ट्विला सांगते. मी त्याला वाचायला लावणार आहे. उद्या दुपारी दोनला बोलावले आहे. शेजारच्या बेव्हर्ली क्रॅबट्री दुसऱ्या साक्षीदार.

कलम सहावे. हे शनिवारी, ट्विला आणि बेव्हर्ली समोर बसलेल्या असताना लिहीत आहे. 

कॅझ दोनला पाच कमी असताना आला. टोपी टेबलावर ठेवली, म्हणाला, "अजून मेला नाहीस तर एवढी घाई कसली?" मी कागद त्याच्यापुढे सरकवले. लॉइडच्या पान्यांपाशी तो हसला. पाचव्या कलमाशी आल्यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. बेव्हर्लीने कॉफी विचारली, तर ऐकू न आल्यासारखा बसून राहिला.

मी म्हणालो, "कॅझ, काहीतरी बोल."

"माझं गणित पाचशे चाळीस सांगत होतं," तो म्हणाला. "वरचे बावीस कुठून आले?"

"माहीत नाही. तीनदा मोजलं मी."

"एक्झॉस्टकडून असतील." त्याने बोटाने टेबलावर काहीतरी वळण काढले, अर्धेच काढले आणि हात मागे घेतला.

मी म्हणालो, "गॅरेजमध्ये आहे. आज घेऊन जा. तुझंच आहे."

"रोझाली मला म्हणायची, तुझं गणित चुकणार नाही, काहीतरी दुसरंच झालंय, जाऊन विचार. मी तिच्यावर ओरडायचो. मरायच्या आदल्या आठवड्यातही म्हणाली. मी म्हटलं, बाई, डेलने स्वतः मोजलंय, डेल खोटं लिहिणार नाही."

ट्विलाने पेन त्याच्यापुढून हळूच बाजूला घेतले. कॅझ उठला आणि टोपी घातली.

"इंजिन राहू दे इथेच. मी त्याचं काय करू? आणि साक्षीला दुसरं कुणी बघ, डेल. तुझ्या सहीखाली मी सही करणार नाही."

तो पुढच्या दाराने गेला. गॅरेजकडे वळेल असे मला वाटले होते, वळला नाही. त्याची गाडी कोपऱ्यावरून जाईपर्यंत मी खिडकीशी उभा होतो.

इंजिनाबाबत: ते कॅझचे आहे. तो येईल तेव्हा द्यावे, न आल्यास कोणी चालू करू नये, विकू नये, कुठे मांडू नये. पिवळ्या कागदाची एक प्रत माझ्या मृत्यूच्या बातमीसोबत छापावी आणि जागा कमी पडली तर माझ्याबद्दलचा मजकूर गाळावा.

दुसरा साक्षीदार म्हणून बेव्हर्लीच्या छपराची पन्हळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना शिडीवरून खाली बोलावले आहे. ते मला ओळखत नाहीत. माझ्याबद्दल त्यांचे मत चांगले किंवा वाईट नाही, आणि कायद्याला एवढे पुरते. ज्याची सही मला हवी होती त्याची इथे नाही, आणि ती का नाही हे मी वर लिहून दिले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि या वेळी त्यात काही कमी करून लिहिलेले नाही.

सही: डेल्मर रॉय टॅकेट

आमच्या समक्ष सही झाली:
१. बेव्हर्ली क्रॅबट्री, शेजारी
२. अर्नेस्टो पाल्मा, पन्हळ दुरुस्ती, फर्नडेल

ठिकाण: हेझल पार्क, मिशिगन
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१४